राखाडी रंग स्थिर राहत नाही

४ ऑगस्ट, सोमवार

मौसुमीदीचे आज नऊ फोटो दुरुस्तीला परत आले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दिवसाला एखादा यायचा, तोही गिऱ्हाइकाच्या लहरीनं. नऊ वर्षं ती हेच काम करतेय. साड्यांच्या नि दागिन्यांच्या कॅटलॉगचे फोटो साफ करायचे, सावल्या गुळगुळीत करायच्या, रेशीम रेशमासारखं दिसेल असं बघायचं. आमच्या चाळीस खुर्च्यांत तिच्यासारखा हात कुणाचा नाही. सेनदा, आमचे मॅनेजर, सगळ्यांसमोर म्हणाले, "मौसुमी, दुर्गापूजा अजून लांब आहे. तुझी सुट्टी आत्तापासूनच सुरू का?"

जेवताना मला तिच्या बंगाली उच्चारात म्हणाली, "प्राजोक्ता, डोकं फुटतंय रे. तो राखाडी रंग एका जागी राहत नाही. भाताच्या पेजेसारखा उकळतो."

मी हसले. हसायला नको होतं.

नवे कॉम्प्युटर आणि नवे मॉनिटर दोन्ही जुलैच्या शेवटी आले. मॉनिटर तपासून सही केली ती मीच. "आठ बिट. रंग ठीक. लुकलुक नाही." खाली नाव, आणि नावापुढे बी.एस्सी. (इलेक्ट्रॉनिक्स). पदवी लिहायची काही गरज नव्हती.

६ ऑगस्ट, बुधवार

तपासलं म्हणजे काय केलं मी? चालू केले. लाल, हिरवा, निळा पडदा टाकून मेलेला ठिपका आहे का बघितला. पेटीवरचं वाचलं. पेटीवर "१.६७ कोटी रंग", म्हणजे आठ बिट, म्हणून रिपोर्टात आठ बिट. चाळीस मॉनिटर, दोन दिवस. माझ्याआधी हे काम कुणी करतच नव्हतं, त्यामुळे नीट केलं की नाही हे विचारणारंही कोणी नाही.

१० सप्टेंबरला माझे सहा महिने पुरे. मग पक्की, नाहीतर घरी.

आप्पांनी गावाकडे फोन करून करून सांगितलंय की पोरगी इंजिनिअर झाली. मी दहा वेळा सांगितलं, इंजिनिअर नाही, नुसती ग्रॅज्युएट. ते म्हणतात, "तेच की."

७ ऑगस्ट, गुरुवार

आज वाचत बसले. स्वतःसाठी लिहून ठेवते, म्हणजे कळलंय की नाही ते कळेल.

आठ बिट म्हणजे लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. सहा बिट म्हणजे ६४च. स्वस्त पॅनेलला, म्हणजे मॉनिटरच्या पडद्याला, ६४च येतात. मधल्या पायऱ्या तो सोंग करून दाखवतो. समजा दोन छटांच्या मधला राखाडी हवाय. तर एका फ्रेमला खालची छटा, पुढच्या फ्रेमला वरची, परत खालची. सेकंदाला साठ फ्रेम. डोळा दोन्ही मिसळून घेतो आणि मधला रंग बघितल्यासारखं समजतो. याला डिदरिंग म्हणतात. बहुतेकांना काही जाणवत नाही. काहींना जाणवतं, असं काही लोक लिहितात. बाकीचे त्यांना हसतात.

मौ.दी म्हणाली होती, उकळतो.

आईनं विचारलं, जेवली का नाहीस? म्हटलं, ऑफिसात खाल्लं.

९ ऑगस्ट, शनिवार

आप्पांचं भिंग नेलं. सोनं गाळायच्या दुकानात ते बारीक कण बघायला वापरतात ते. (आमचं दुकान बहूबाजारच्या गल्लीत. खानापूर तालुक्यातून आजोबा इथे आले ते याच कामाला, सोनारांच्या भुकटीतून, झाडलोटीतून सोनं गाळून द्यायला.) आप्पा म्हणाले, "हाफिसात भिंग? टीव्ही बघायचा पगार घेतीस, त्यो बी जवळनं बघाय लागला व्हय?"

सगळ्या जेवायला गेल्यावर मौ.दीच्या पडद्यावर एक सपाट राखाडी चौकोन काढला. मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरलं, स्लो मोशन लावलं. तीनदा घ्यावं लागलं.

मग फिल्म बघितली. सपाट राखाडी नाहीच तो. बारीक दाणे. प्रत्येक दाणा उजळ, मंद, उजळ, मंद, शेजारचा उलट्या क्रमानं. मुंग्यांचं वारूळ हलवल्यासारखं.

नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर शांत.

मी खोट्या कागदावर सही केली आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

मौ.दी बराकपूरहून लोकलनं सियालदहला येते, मी घरून चालत जाते, पुढे मेट्रो नि ऑटो दोघी बरोबर. आज मेट्रोत तिला फिल्म दाखवली.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझा हात धरला. "म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

"नाही गं दी."

"माझी आई म्हणत होती चाळिशी आली. डॉक्टर म्हणाला गॅस. गॅसचं औषध घेतेय मी पंधरा दिवस!" आणि हसायला लागली, डोळे पुसत. शेजारच्या बाईनं जागा बदलली.

मला इतकं बरं वाटलं. कुणाच्या तरी कामी आलं शिक्षण.

मी तिला सांगितलं, सेनदांना सांगेन. माझी सही चुकली हेही सांगेन. ती म्हणाली, "आधी पक्की हो. मग सांग." मी म्हटलं, असं कसं.

पण आज सांगितलं नाही. सेनदा गिऱ्हाइकाबरोबर होते. खरं तर चारनंतर नव्हते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आणखी अकरा जणींचं डोकं दुखतंय.

कालपर्यंत एकीचंच दुखत होतं. काल रात्री फिल्म मौ.दीनं एकीला पाठवली, तिनं दुसरीला. आज दुपारी मागच्या रांगेतल्या तिघींनी कामच थांबवलं. एक म्हणाली मळमळतंय. पूजेचं काम गळ्यापर्यंत आलंय.

सेनदांनी आत बोलावलं. ओरडले नाहीत. ते जास्त वाईट.

"मिस माने, माझ्या बायकोलाही पूजेची खरेदी निघाली की डोकेदुखी होते. मी तिला फिल्म दाखवत नाही."

मी सगळं सांगितलं. पॅनेल, सहा बिट, माझी सही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बुधवारी अकरा जणी ठीक होत्या. मॉनिटर तेच. बुधवार ते गुरुवार काय बदललं?"

उत्तर मी होते.

मेट्रोत आज वरच्या दिव्याकडे बघत होते. तोही लुकलुकतोय का? माझंही डोकं दुखायला लागलं. खरं दुखतंय की मला माहीत आहे म्हणून दुखतंय?

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. आप्पा घरी. मला गप्प बघून म्हणाले, काय झालं ते बोल. सांगितलं, जमेल तसं. बिट वगैरे सोडून. म्हटलं, एकीला खरंच दिसतंय, पण मी आधीच सांगून बसले, आता सगळ्यांनाच दिसतंय.

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "आधी बोललीस? घाण केलीस की मग."

मग त्यांच्या दुकानाचं सांगितलं. मला वाटायचं मला सगळं माहीत आहे. कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढली की तिचा कस दोघं बघतात, आप्पा आणि त्यांचे भागीदार शिंदेकाका. एक जण दारात उजेडाला जाऊन बघतो, चिठ्ठीवर आकडा लिहितो, चिठ्ठी घडी करून खिशात. मग दुसरा. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही, चेहरासुद्धा करायचा नाही. मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. "एकदा शिंद्या 'अरारा' म्हणला नुसतं. मला त्या दिवशी सगळं सोनं हिणकस दिसलं."

"आणि चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर?"

"मग आपल्याला ठाऊक न्हाई म्हणायचं. आणि नवी रेघ वढायची."

आई आतून म्हणाली, "पोरीला सुट्टीच्या दिवशी तरी सोनं शिकवू नका." पण मी वही आणायला गेले होते.

१६ ऑगस्ट, शनिवार

सेनदांना लेखी दिलं. फक्त मौ.दीवर परीक्षा, कारण तिला मी सांगायच्या आधीपासून त्रास होता. स्टोअरमध्ये जुना मॉनिटर आहे, त्याच आकाराचा. जुना खरा आठ बिट, पाच वर्षं ती त्याच्यावरच काम करत होती. दोन्हींच्या कडांना काळा पुठ्ठा लावायचा, बटणंही झाकायची, म्हणजे ओळखू येणार नाही. रोज सकाळी रिसेप्शनची रिया नाणं उडवून एक टेबलावर ठेवणार, कॉम्प्युटर तोच, मौ.दीचा. कुठला ठेवला ते रिया चिठ्ठीवर लिहून पाकिटात टाकणार. मला नाही सांगणार. मौ.दी तीन वाजता तिची चिठ्ठी लिहिणार, दुखतंय की नाही. सहा दिवस.

सेनदा म्हणाले, "आणि त्यातून जे निघेल ते मान्य?"

"हो."

"तिलाही?"

मौ.दीला विचारलं. "माझं डोकं आहे. मला माहीत आहे. घे परीक्षा."

१९ ऑगस्ट, मंगळवार

दुसरा दिवस. रियाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवलंय. ती बिचारी मला बघितलं की ओढणी तोंडावर घेते.

मौ.दी पुठ्ठ्यातून काम करतेय, खिडकीतून बघितल्यासारखी. मागच्या रांगेतल्या मुली तिला "परीक्षार्थी" म्हणतात. कोणी तिच्या टेबलावर पेन्सिल नि खोडरबर ठेवून गेलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

तीन वाजता तिनं चिठ्ठी घडी घातली. हात पांढरे पडले होते, इतका घट्ट माऊस धरला होता. नक्की नवा असणार आज. नाही, असा विचारसुद्धा करायचा नाही.



२५ ऑगस्ट, सोमवार

चिठ्ठ्या उघडल्या. सेनदांच्या टेबलावर, आम्ही चौघं.

सहापैकी पाच दिवस दुखलं. त्यातले तीन दिवस नवा, दोन दिवस जुना. न दुखलेल्या दिवशी नवाच.

म्हणजे फरक नाही.

रिया रडवेली झाली, जणू तिचं नाणंच चुकलं. सेनदा हसले नाहीत, हे त्यांच्याबद्दल लिहायला हवं. फक्त म्हणाले, "बरं."

मौ.दी चिठ्ठ्या उलटसुलट करून बघत होती. "शुक्रवारी जुना होता? शुक्रवारी? प्राजोक्ता, शुक्रवारी मला उलटी झाली."

मी चिठ्ठ्या गोळा करून पाकिटात घातल्या.

२६ ऑगस्ट, मंगळवार

रिपोर्ट लिहिला. दोन परिच्छेद. पहिल्यात परीक्षा, आकड्यांसकट. दुसऱ्यात, नवे मॉनिटर आठ बिटचे नाहीत, पेटीवर लिहिलंय ते खरं नाही, आणि माझा जुलैचा रिपोर्ट चुकीचा होता.

सेनदांनी पहिला वाचून मान हलवली. दुसऱ्यावर बोट ठेवलं. "याचा तिच्या डोक्याशी संबंध आहे?"

"परीक्षेप्रमाणे नाही."

"मग वेगळं लिहा. पक्क्या झाल्यावर लिहा. हे मॉनिटर मी निवडलेत, मलाही वर उत्तर द्यायचंय. मी नाही म्हणत नाहीये. आत्ता नको म्हणतोय."

मी दुसरा परिच्छेद काढला.

काढला. इथे लिहिते, म्हणजे उद्या मी स्वतःला वेगळं काही सांगू शकणार नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. दुकानाच्या वरच्या खोलीत, दरवर्षीसारखे. आईनं ऑफिसला डबाभर मोदक दिले.

तिथे पोचले तर मौ.दीची खुर्ची रिकामी. तिला फोटोंवरून काढून फाईलींना नावं द्यायच्या कामावर बसवलंय, खालच्या मजल्यावर. नऊ वर्षांनंतर. कारण म्हणून माझा कागद जोडला आहे.

डबा घेऊन खाली गेले. तिनं बघितलं नाही. टाईप करत म्हणाली, "आधी तूच सांगितलंस मी आजारी का आहे. मग तूच लिहिलंस मी आजारी नाहीच. तुझ्याकडे तिसरं काही असेल तर आजच सांगून टाक, रोज रोज नको."

मी डबा ठेवून आले. संध्याकाळी तो माझ्या टेबलावर होता, तसाच भरलेला. सियालदहपर्यंत एकटी.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

कालपासून मौ.दी येतच नाहीये.

दुपारी स्टोअरमधून जुना मॉनिटर काढला. पक्की झाले की तो दुसरा परिच्छेद लिहायचाच आहे, त्याला दोन फिल्म जोडाव्यात, जुन्याची शांत नि नव्याची हलणारी. मौ.दीच्याच कॉम्प्युटरला लावला. भिंग, स्लो मोशन.

जुन्यावरही दाणे.

तीन वेळा घेतलं. प्रत्येक वेळी दाणे, हलणारे. जुना आठ बिटचा आहे, मी स्वतः पॅनेलचा नंबर शोधून खात्री केली होती. तो स्वतःहून हे करूच शकत नाही.

मग कॉम्प्युटरच्या आत बघितलं. ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे पडद्याला चित्र पाठवणाऱ्या भागाचं, सेटिंग. रंग: सहा बिट.

कार्डच सहा बिट पाठवतंय, आणि मधल्या छटा लुकलुक करून भरतंय. मॉनिटर कुठलाही लावा.

चाळीसही मशीनवर तेच. कारण पहिलं मशीन मी तयार केलं, ट्रेनिंग रूममधल्या जुनाट स्क्रीनला जोडून. त्या स्क्रीनला सहाच झेपतात, म्हणून कार्डानं सहा धरलं. आणि मी त्या मशीनची हुबेहूब नक्कल बाकी एकोणचाळिसांवर चढवली. एका दुपारात. सेनदांनी तेव्हा शाबासकी दिली होती.

म्हणजे ते सहा दिवस मौ.दीच्या समोर दोन्ही मॉनिटर लुकलुकतच होते. मी लुकलुकीची तुलना लुकलुकीशी केली. पाच दिवस दुखलं कारण

पुढे लिहवत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळी सातला ऑफिस. एका मशीनचं कार्ड आठ बिटवर केलं. जुना लावला, फिल्म घेतली. शांत. एक दाणा हलत नाही. नवा लावला. दाणे आहेत, आधीपेक्षा बारीक. म्हणजे नवे मॉनिटर सहा बिटचेच, ती गोष्ट खरी. पण परीक्षा बाद.

आता घाईनं काही म्हणायचं नाही. "पाच दिवस दुखलं म्हणजे मौ.दीच बरोबर" असं कालपासून मनात येतंय. तेही सिद्ध झालेलं नाही. तिचं डोकं चिंतेनंही दुखलं असेल. फक्त इतकंच खरं, की माझ्या कागदाला काही अर्थ नाही आणि त्या कागदावर एक बाई खाली गेली.

नवा कागद लिहिला. पहिली ओळ: चूक माझी. मग कार्ड. मग मॉनिटर. मग जुलैची सही. दुसरा परिच्छेद कुणी काढायचा म्हटलं तर काढता येणार नाही असा एकच लांब परिच्छेद केला. सेनदांना दिला, आणि प्रत त्यांच्या वरच्यांना.

सेनदा खूप वेळ वाचत होते. "मिस माने, तुमचे एका महिन्यात तीन कागद. मी कुठल्यावर विश्वास ठेवू ते आधी तुम्ही ठरवा."

"याच्यावर."

"सव्वीस तारखेलाही तुमची हीच खात्री होती."

बरोबर बोलले.

३१ ऑगस्ट, रविवार

बराकपूरला गेले. मौ.दीचं घर स्टेशनपासून रिक्षानं पंधरा मिनिटं, छावणीच्या भिंतीला लागून. तिच्या आईनं दार उघडलं, "ओमा, तूच ती मराठी मुलगी?" आणि मी उत्तर द्यायच्या आत मुडीची, म्हणजे कुरमुऱ्यांची, वाटी हातात. मौ.दी आतल्या खोलीत, खिडकीला चादर लावलेली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. कार्ड, नक्कल, दोन्ही लुकलुकत होते, चूक माझी, लेखी दिलं आहे.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे शुक्रवारी..."

"शुक्रवारीही."

"आणि हे चाळीस मशीनवर तू केलंस."

"हो."

"बाप रे. शिकलेली मुलगी." तिच्या आईनं बाहेरून विचारलं, मुडीत मिरची घालू का? मौ.दी म्हणाली, "घाल, दोन घाल." मला वाटतं हसली. चादरीमुळे नीट दिसलं नाही.

मी विचारलं, पुन्हा परीक्षा देशील का. या वेळी कार्ड आठ बिटवर, म्हणजे जुना शांत, लुकलुकेल तो नवाच.

"म्हणजे पुन्हा पुठ्ठा? पुन्हा परीक्षार्थी?"

"हो."

"आणि पुन्हा काहीच फरक निघाला नाही तर? मग तर कायमची खाली."

याचं उत्तर मी रस्त्यात तयार करून गेले होते, धीराचं. ते बोलवलं नाही. म्हटलं, "तर तसंच लिहावं लागेल, दी."

निघताना ती दारापर्यंत आली नाही. तिची आई आली.

३ सप्टेंबर, बुधवार

सगळी चाळीस कार्डं आठ बिटवर केली. मागच्या रांगेत कुणाला काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं मशीन साफ करतेय. अकरातल्या चौघी आज म्हणाल्या, बरं वाटतंय. मी वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह. बरं वाटण्यावरही आता विश्वास बसत नाही माझा.

वरच्यांकडून उत्तर नाही. सेनदा म्हणाले, तीन दिवस देतो. आठ, नऊ, दहा. सहा दिवस मिळणार नाहीत. मौसुमी आली तर. "आणि दहाला तुमचंही बघायचंय, लक्षात आहे ना?"

आहे.

तीन दिवस फार कमी. तीन चिठ्ठ्या योगायोगानंही जुळू शकतात. हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आधीच आनंदी होऊ नका, इतकंच."

५ सप्टेंबर, शुक्रवार

मौ.दीचा निरोप नाही. आप्पांना सगळं सांगितलं, चाळीस मशीनचंही. वाटलं रागावतील. विचारलं, "लिहून दिलंस?" म्हटलं, हो. "आणि कामावरनं काढलं तर?" मग स्वतःच म्हणाले, "गावाकडं मी काय सांगायचं ते मी बघीन." आई तिथेच बसून नारळ खवत होती, तिचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

त्यांना भीती वाटतेय. मला पहिल्यांदा दिसली.

८ सप्टेंबर, सोमवार

सियालदहला बाहेर पडायच्या दाराशी ती उभी होती. "उशीर केलास," म्हणाली. दहा मिनिटं लवकर होते मी.

मेट्रोत बोललो नाही. पुठ्ठा तिनंच लावला, तिच्या जुन्या खुर्चीवर बसून. माझ्यापेक्षा नीट.

९ सप्टेंबर, मंगळवार

दुसरी चिठ्ठी पाकिटात. काल परत आलेले फोटो शून्य, आज चार. याचा अर्थ लावायचा नाही. लावायचा नाही. मी दिवसभर लावत होते.

झोप नाही. आईनं डोक्याला तेल लावलं.

१० सप्टेंबर, बुधवार

दुपारचे दोन चाळीस. कॅन्टीनमध्ये लिहितेय.

तीनला मौ.दी तिसरी चिठ्ठी लिहील. सव्वातीनला पाकीट उघडायचं, सेनदांच्या खोलीत. वरच्या ऑफिसातले एक जण आलेत, मॉनिटरच्या पेट्या बघून गेले, फोटो काढले, माझ्याशी बोलले नाहीत. सेनदांच्या टेबलावर दोन लिफाफे आहेत. एकावर मौ.दीचं नाव, दुसऱ्यावर माझं. माझा पातळ आहे. पक्की केल्याचं पत्र पातळ असतं की नको म्हणणारं, मला माहीत नाही.

मघाशी जेवताना मौ.दीनं विचारलं, "तुला काय वाटतं, काय निघेल?"

"नाही सांगणार."

"सांगू नकोसच." मग माझ्या डब्यातली भाकरी घेतली, अर्धी मोडली. "बराकपूरला तू म्हणालीस, तसंच लिहावं लागेल. त्या दिवशी मला इतका राग आला होता. आईला म्हटलं, ही मुलगी पुन्हा घरात घ्यायची नाही."

"मग आलीस का?"

"दुसऱ्या कुणी चिठ्ठ्या उघडल्या असत्या, तर मी 'हो' निघावं म्हणून काहीही लिहिलं असतं." भाकरी चावत राहिली. "तुझ्यासमोर नाही लिहवत."

आज तिचं डोकं दुखतंय की नाही, मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही. चेहरा अगदी सपाट ठेवलाय.

रिया आली. म्हणतेय, सेनदांनी वेळ अलीकडे आणलीय. दोघींना आत्ताच बोलावलंय. मौ.दीनं तिसरी चिठ्ठी उभ्यानंच लिहिली, घडी केली, मला दिसू दिली नाही.